हरणाची रायफल आणि दख्खनची दोन अंतरे

हरणासाठी रायफल निवडताना पहिला विचार रानाचा करावा लागतो. जनावर किती अंतरावरून नजरेस पडेल, पडल्यावर किती वेळ उभे राहील आणि मध्ये काय आडवे येईल, हे रान ठरवते. रायफल त्या उत्तराला जुळवून घेते. मराठवाड्याच्या या टोकाला तर दोन रानांची दोन वेगळी उत्तरे मिळतात. विष्णुपुरीपाशी गोदावरी अडवून झालेल्या शंकरसागर जलाशयाकडून दक्षिणेला निघाले की लोहा-कंधारवरून लातूरकडे बालाघाटचे उघडे माळ आणि काळ्या जमिनीचे सपाट पट्टे लागतात. तेथे काळवीट माणसाला दोनशे मीटरवरून हेरते आणि तेवढेच अंतर राखून चरत राहते. ईशान्येला किनवट-माहूरकडे गेले की सागाची झाडी आणि पैनगंगेच्या काठचे ओढे-नाले सुरू होतात. तेथे सांबर चाळीस-पन्नास पावलांवर उठेपर्यंत दिसत नाही, आणि उठले की दोन झेपांत दिसेनासे होते. या दोन्ही ठिकाणी एकच रायफल कामाला यावी, ही अपेक्षा म्हणजेच हरकामी रायफलीचा प्रश्न.

हा प्रश्न आज भारतात कोणी शिकारीसाठी सोडवायचा नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आणि त्यातील पुढच्या दुरुस्त्या यांनी हरणांच्या शिकारीची वाट बंद केली आहे, आणि त्याचा तपशील शेवटी येईल. तरीही विषय निकामी होत नाही. दख्खनच्या शिकारीचा इतिहास, जुन्या शिकारकथांतले शस्त्रांचे उल्लेख, पीकसंरक्षणाच्या परवान्यांवरची चर्चा, आणि शिकार कायदेशीर असलेल्या देशांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांसमोरचे पर्याय समजून घ्यायचे तर बंदुकीची ही गणिते माहीत असावी लागतात.

मराठीतला ‘हरीण’ हा शब्द सैल आहे. प्राणिशास्त्रात दरवर्षी शिंगे गाळणारे ते सारंग आणि आयुष्यभर तीच शिंगे बाळगणारे ते कुरंग. चितळ, सांबर आणि भेकर हे सारंग आहेत. काळवीट, चिंकारा, चौसिंगा आणि रोही म्हणजे नीलगाय हे कुरंग आहेत. मराठवाड्यातला शेतकरी ‘हरणांनी हरभरा खाल्ला’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर बहुधा काळविटांचा कळप असतो, म्हणजे शास्त्राच्या दृष्टीने कुरंगांचा. शस्त्राच्या दृष्टीने मात्र कुळापेक्षा अंगकाठी महत्त्वाची. भेकर पंचवीस किलोच्या आसपास, काळविटाचा नर पस्तीस ते पंचेचाळीस, चितळाचा नर सत्तर-ऐंशीच्या घरात, तर सांबराचा मोठा नर दोनशे किलोच्या वर जातो. जनावर जागीच पडण्यासाठी गोळी जिथे बसली पाहिजे ती जागा म्हणजे पुढच्या पायाच्या फऱ्यामागचा, हृदय आणि फुप्फुसांचा भाग. काळविटात तिचा व्यास सुमारे पंधरा सेंटिमीटर धरावा, चितळात वीसच्या आसपास, सांबरात त्याहून मोठा. सगळी निवड शेवटी या पंधरा-वीस सेंटिमीटरच्या वर्तुळाशी येऊन थांबते.

बंदूक येण्यापूर्वी दख्खनमध्ये अंतराचा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला जाई. फासेपारधी शिकवलेल्या गाईबैलाच्या आडून कळपाजवळ सरकत आणि फासे मांडत. म्हणजे अंतरच मिटवून टाकत. कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्ते काळविटावर सोडत. तिथे अंतर तोडण्याचे काम चित्त्याच्या पायांवर होते. तोड्याच्या आणि ठासणीच्या बंदुकांनी हे अंतर थोडे वाढवले, पण गुळगुळीत नळीतून सुटलेल्या गोल गोळीचा भरवसा पन्नास-साठ पावलांपलीकडे नसे. बारा बोअरच्या बंदुकीतून एकच गोळी वापरली तरी आजही मर्यादा जवळपास तेवढीच आहे.

नळीच्या आत मळसूत्री आटे पाडले की गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि सरळ राहते. हीच रायफल. आटे आले तरी माळावरचे काळवीट सुटतच राहिले, कारण काळ्या दारूने गोळीला फार वेग येत नसे. मंद गोळी लवकर खाली पडते, आणि अंतराचा अंदाज वीस-तीस पावलांनी चुकला तरी ती जनावराच्या पोटाखालून जाते. मध्य प्रांतात नोकरी केलेले जेम्स फोर्सिथ यांनी १८६३ मध्ये ‘द स्पोर्टिंग रायफल अँड इट्स प्रोजेक्टाइल्स’ हे पुस्तक लिहिले, ते याच अडचणीवर. त्यांचा उपाय असा: आट्यांचा पीळ अगदी सैल ठेवावा, १०४ इंचांत एक फेरा, त्यामुळे गोल गोळीमागे भरपूर दारू घालता येते, वेग वाढतो आणि शंभर-सव्वाशे पावलांपर्यंत गोळीची वाट सपाट राहते. पुढे इंग्लंडमधल्या कारागिरांनी हलकी गोळी आणि जास्त दारू यांचा मेळ घालून ‘एक्सप्रेस’ रायफली घडवल्या. त्यांमागचा विचारही तोच होता. शिकाऱ्याने अंतर मोजत बसू नये आणि माशी थेट फऱ्यामागे धरावी.

निजामाच्या मुलखात हिंगोली आणि मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई येथे हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या छावण्या होत्या. तिथल्या अधिकाऱ्यांना ही दोन्ही राने हाताशी होती. ‘अ हिस्टरी ऑफ द हैदराबाद कंटिंजंट’ लिहिणारे रेजिनाल्ड जॉर्ज बर्टन यांनीच १९२८ मध्ये ‘स्पोर्ट अँड वाइल्ड लाइफ इन द डेक्कन’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांच्या पिढीने काळ्या दारूकडून कॉर्डाइटकडे, म्हणजे बिनधुराच्या दारूकडे, झालेला बदल अनुभवला. या दारूने गोळीचा वेग सेकंदाला दोन हजार फुटांच्या वर नेला, गोळी बारीक झाली आणि धुराचा पडदा नाहीसा झाला. बार चुकला तरी जनावर कुठे गेले हे आता दिसू लागले.

भारतातल्या निवडीला मात्र सरकारी धोरणानेही वळण दिले. लष्कराची काडतुसे बंडखोरांच्या हाती पडू नयेत म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला .४५० बोअरवर बंदी आली, आणि इंग्लंडच्या कारखान्यांनी तिला पर्याय म्हणून .४६५ आणि .४७० ही काडतुसे बाजारात आणली. .३०३ हे लष्कराचेच काडतूस असल्यामुळे नागरिकांसाठी .३१५ पुढे आले. ते मुळात ऑस्ट्रियाच्या जुन्या ८ मिलिमीटर मानलिखर काडतुसाचे रूप. स्वातंत्र्यानंतर इशापूरच्या कारखान्यात .३१५ ची रायफल होऊ लागली. तिच्या काडतुसांवर पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची ‘के एफ’ ही खूण असे. महाराष्ट्रातल्या जुन्या परवानाधारकांत याच रायफलीची ओळख सर्वाधिक. तिची गोळी जड आणि संथ असते. झाडीतल्या सांबरापुरती ती पुरेशी होती. माळावर दीडशे मीटरपुढे तिच्यावर भिस्त ठेवणे कठीण.

गोळीची वाट समजली की अर्धी निवड झाली. गोळी नळीतून सुटल्या क्षणापासून खाली पडू लागते. नेमाची रेषा नळीच्या थोडी वर असते, म्हणून नळी किंचित वर रोखलेली असते. त्यामुळे गोळी नेमाच्या रेषेला एकदा जवळच छेदते, तिच्या थोडी वर जाते आणि पुढे दुसऱ्यांदा छेदून खाली उतरते. हा दुसरा छेद ज्या अंतरावर येतो त्या अंतरावर रायफल ‘जुळवली’ असे म्हणतात. १६५ ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे ८५० मीटर वेगाने सोडणारी .३०-०६ रायफल दोनशे मीटरवर जुळवली तर शंभरावर गोळी नेमापेक्षा सुमारे पाच सेंटिमीटर वर लागते, तीनशेवर जवळजवळ वीतभर खाली, आणि चारशेवर दोन फुटांहून खाली. याउलट .३०-३० सारखे संथ काडतूस शंभरावर जुळवले तर दोनशेवरच वीतभर खाली जाते, आणि तीनशेवर ते तीन फुटांच्या आसपास पोचते.

यातूनच हरकामी रायफलीची व्याख्या निघते. काळविटाच्या फऱ्यामागचे वर्तुळ पंधरा सेंटिमीटरचे असेल तर गोळी मध्यापासून साडेसात सेंटिमीटर वर किंवा खाली लागली तरी चालते. ज्या अंतरापर्यंत गोळीची सारी वाट या मर्यादेत राहते, तेथपर्यंत नेमणाऱ्याला काहीच मोजावे लागत नाही. वर सांगितलेल्या .३०-०६ साठी हे अंतर, रायफल त्या हिशेबाने जुळवली तर, साधारण २५० मीटर येते. म्हणजे किनवटच्या नाल्यातल्या चाळीस मीटरपासून कंधारच्या माळावरच्या अडीचशे मीटरपर्यंत नेम एकच राहतो. रायफल हरकामी आहे म्हणताना ती फार लांब मारते असा अर्थ नसतो. जवळच्या टोकापासून लांबच्या टोकापर्यंत तिचा नेम बदलावा लागत नाही, एवढाच तो असतो.

या मर्यादेपलीकडे तीन गोष्टी एकदम अंगावर येतात. पहिली अंतराचा अंदाज. उघड्या माळावर, विशेषतः दुपारच्या झळांत, डोळा सहज फसतो, आणि तीनशे मीटरपुढे पन्नास मीटरची चूक म्हणजे गोळी पोटाखालून किंवा पायावर. दुसरी गोष्ट वारा. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा, म्हणजे पिकाची पाने सळसळवणारा साधा वारा, ही गोळी दोनशे मीटरवर सुमारे नऊ सेंटिमीटर आणि तीनशेवर वीतभर सरकवतो. गोळीची वाट सपाट असली म्हणून वाऱ्याचा हा हिशेब मिटत नाही. तिसरी गोष्ट वेळ. तीनशे मीटर जायला गोळीला सेकंदाचे चार दशांश लागतात. तेवढ्यात चालते काळवीट अर्धा मीटर पुढे सरकते, आणि पळते काळवीट आठ-नऊ मीटर. चांगला शिकारी लांबच्या पळत्या जनावरावर बार टाकत नसे, त्यामागे हे गणित होते.

झाडीत अडचण उलटी. तिथे अंतर नसते, आडकाठी असते. जड आणि संथ गोळी काटक्या तोडत सरळ जाते असा जुना समज आहे. प्रत्यक्षात काटकीला लागलेली कुठलीही गोळी वळते, जड गोळी फक्त थोडी कमी. झाडीत उपयोगी पडते ती पटकन खांद्याला लागणारी आखूड रायफल, मोठे दृश्य दाखवणारी दुर्बीण आणि फटीतून मोकळी वाट मिळेपर्यंत थांबण्याची सवय.

काडतुसांच्या निवडीत आजही विसाव्या शतकातली काही नावे टिकून आहेत. ७×५७ माउझर इंग्लंडमध्ये .२७५ रिग्बी या नावाने विकले गेले, आणि जिम कॉर्बेट यांच्या रायफलीमुळे भारतीय वाचकांच्या परिचयाचे झाले. हरणापुरते हे काडतूस आजही पुरेसे आहे, आणि त्याचा धक्का सौम्य असतो. १९०६ चे .३०-०६ चितळापासून सांबरापर्यंत सगळ्यांना पुरते, पण खांद्याला ते अधिक जाणवते. १९२५ चे .२७० आणि १९५२ चे .३०८ ही त्याच घरातली, एक सपाट वाटेसाठी तर दुसरे आखूड रायफलीसाठी. १९५५ चे .२४३ काळविटाएवढ्या जनावराला योग्य, सांबराला हलके. १९१२ चे .३७५ हॉलंड अँड हॉलंड भारतात आणि आफ्रिकेत मोठ्या जनावरांसाठी नावाजले. हरणावर ते चालते, पण तिथे त्याची गरज नसते. वजन, धक्का, वाट आणि काडतूस मिळण्याची सोय या चारही बाजू एकत्र मांडल्या तर मधल्या काडतुसांचे पारडे जड राहते. धक्क्याला दुय्यम मानणे मात्र चूक ठरते. खांदा घाबरला की ट्रिगर ओढताना डोळे मिटतात, आणि मग सपाट वाटेचा काहीच उपयोग राहत नाही.

गोळीची घडणही काडतुसाइतकीच निर्णायक आहे. पूर्ण धातूचे कवच असलेली लष्करी गोळी आरपार जाऊन बारीक छिद्र पाडते, आणि हरीण जखमी होऊन मैलभर पळते. शिकारीची गोळी पुढून मऊ असते आणि आत शिरताना कमळासारखी उघडते. इथेही अंतराची अडचण येते. जी गोळी तीनशे मीटरवर मंदावल्यावरही उघडावी म्हणून मऊ केली, ती तीस मीटरवर पूर्ण वेगात असताना हाडावर फुटून तुकडे होऊ शकते. म्हणून हरकामी रायफलीसाठी कवच आणि गाभा घट्ट जोडलेली किंवा सबंध तांब्याची गोळी सुचवली जाते. जवळ ती टिकते, लांब ती उघडते.

रायफलीच्या अंगाबद्दल कमी बोलले तरी चालते, कारण बरीचशी बाब सवयीची आहे. हाताने खिट्टी ओढून काडतूस भरायची रायफल साधी, भरवशाची आणि धुळीतही चालणारी. माउझरच्या १८९८ च्या घडणीवर आजही बहुतेक अशा रायफली आधारलेल्या आहेत. बावीस इंचांच्या आसपासची नळी झाडीत अडकत नाही आणि माळावर वेगही फारसा गमावत नाही. दुर्बिणीसह साडेतीन किलोच्या आतबाहेरचे वजन दिवसभर खांद्यावर वागवता येते आणि नेमताना हलतही नाही. दस्त्याची लांबी हाताच्या मापाची असावी, म्हणजे रायफल खांद्याला लावताच डोळा आपोआप दुर्बिणीमागे येतो. तीन ते नऊ पट दाखवणारी दुर्बीण दोन्ही रानांना पुरते. तीन पटीवर शंभर मीटरला दहा-अकरा मीटर रुंदीचे दृश्य मिळते आणि झाडीतले जनावर लगेच सापडते. नऊ पटीवर माळावरचे काळवीट जवळ येते, पण हाताची थरथरही तितकीच मोठी दिसते. फिरताना दुर्बीण कमी पटीवर ठेवावी. लांबच्या नेमाला वेळ असतो, पट वाढवता येते. जवळच्या नेमाला तो नसतो.

शंभर मीटरवर तीन सेंटिमीटरच्या वर्तुळात गोळ्या टाकणारी रायफल तीनशेवर नऊ सेंटिमीटरचा पसारा करते, तरीही ती जनावराच्या वर्तुळात राहते. माणसाचा पसारा मात्र बैठकीवर ठरतो. टेकावर ठेवून नेमणे, बसून नेमणे आणि उभ्याने नेमणे यांत फार तफावत असते. म्हणून प्रत्येकाची खरी मर्यादा रायफलीच्या तक्त्यात सापडत नाही, ती त्याच्या सरावाच्या कागदावर असते. त्या मर्यादेबाहेर बार न काढणे हा शिकारीच्या शिस्तीचा पहिला नियम. चुकून जखमी झालेल्या जनावराचा रक्ताच्या थेंबांवरून शेवटपर्यंत मागोवा घेणे हा दुसरा. तिसरा नियम गोळीच्या पुढच्या प्रवासाचा. रायफलीची चुकलेली गोळी तीन किलोमीटरहून लांब जाऊ शकते, आणि मराठवाड्याच्या सपाट शिवारात त्या अंतरात वस्ती, आखाडा आणि मजूर असतातच. मागे मातीचा बांध किंवा टेकडी नसेल तर नेम कितीही चांगला असला तरी बार धोक्याचाच.

कायद्याची वाट टप्प्याटप्प्याने आखडत गेली. मुंबई राज्याच्या १९५१ च्या वन्यप्राणी संरक्षण कायद्याखाली शिकार परवान्याने चाले. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. १९७२ च्या केंद्रीय कायद्याने सुरुवातीला काही जनावरांसाठी परवाने ठेवले, पण १९९१ च्या दुरुस्तीने तेही गेले. काळवीट आणि चिंकारा पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आहे, आणि पिकाचे नुकसान हे त्यांना मारण्याचे कारण कायदा मानत नाही. माणसाच्या जिवाला धोका किंवा न बरा होणारा आजार वा जायबंदीपणा असेल तरच मुख्य वन्यजीव रक्षक परवानगी देऊ शकतात. रोही आणि रानडुकरांबाबत पीकहानीसाठी परवानगीची सोय आहे, आणि नुकसानीची भरपाई वनविभागाकडे मागता येते. शस्त्र अधिनियम, १९५९ हा स्वतंत्र कायदा. त्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक धरली आहे, आणि ती पुरेशी नसल्याचे परवाना अधिकाऱ्याला पटले तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. म्हणजे शेताच्या राखणीसाठी कायद्याने मुळातच जवळच्या अंतराचे हत्यार गृहीत धरले. वनविभागाच्या भुलीच्या बंदुकीचा पल्लाही थोडाच, त्यामुळे तिथे पुन्हा पारध्यासारखे जवळ जाण्याचेच कसब लागते.

देश बदलला की उत्तरही बदलते. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९१ च्या हरीण कायद्याने मोठ्या हरणांसाठी किमान .२४० इंच बोअर आणि १७०० फूट-पौंड ऊर्जा ठरवून दिली आहे. अमेरिकेत ओहायोसारख्या सपाट, दाट वस्तीच्या राज्यात हरणासाठी सरळ कोठीची, कमी पल्ल्याचीच काडतुसे चालतात. कॅलिफोर्नियात शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. म्हणून नव्या मुलखात रायफल घेण्याआधी तिथला नियम आणि तिथले रान दोन्ही वाचावे लागतात.

रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य किंवा यवतमाळ-नांदेडच्या सीमेवरचे पैनगंगा अभयारण्य पाहणाऱ्याला हीच दोन अंतरे दुर्बिणीतून दिसतात. माळावर कळप दूर उभा असतो, झाडीत जनावर समोर येऊन नाहीसे होते. हरकामी रायफल या दोन दृश्यांमधून घडत गेली, आणि तिचे मोल तिच्या पल्ल्यापेक्षा तो पल्ला कुठे संपतो हे ओळखण्यात राहिले.